पाहुण्यांच्या आधी जेवली आमची वैशू

आज दुपारी जेवाय पाहुणं यायचं हुतं. सगळ्यात आधी कोण टपकलं? दौंडच्या आमच्या वन्संबाई! आन् नात वैशू चौथी भाकरी खात बसलेली.

बायांनो, जाड होईन या भ्यानं ह्या पोरीनं खाणंच सोडलं हुतं. आता बरी होतीया, तर भूक दम धरंना. डॉक्टरीणबाई म्हणल्या, लागंल तवा खाऊ द्या.

वन्सं म्हणल्या, "पाहुण्यांच्या आधी? पोरीच्या जातीला एवढी भूक?"

वैशूचा हात थांबला. माझा जीव धसकला, आता ताट सारती का काय!

पण म्हणाली, "आत्याआजी, भूक मीच हाकलली हुती. आता परत आलीय, तिला उपाशी कशी धाडू?" आन् पाचवी मागितली. काय धीराची माझी बाय!

वन्संनी पदर खोचला आन् स्वतःच भाकरी थापाय बसल्या. जाताना म्हणल्या, "शनिवारी येते. वैशूच्या आधी कुणी जेवायचं न्हाई."