काळ्या ढिगावरची फक्की

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते आणि सांगत राहणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नोकरी लागली ती चाकणच्या पुढे, खडीच्या खाणीत. भोसरीतल्या शेजारणी आईला टोचायच्या, "एवढं शिकून पोरगी परत दगडातच?" आई ठसक्यात सांगायची, "बाप दगड फोडायचा. ही दगडाला धूर खायला घालती."

गंमत म्हणजे काम खरंच तसंच होतं. क्रशरमध्ये काळा दगड फुटतो, खडी निघते आणि मागे उरते ती डस्ट, पिठासारखी बारीक. थोडी बांधकामाला जाते, बाकीचे डोंगर खाणीच्या कडेला पडून असतात. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन येतं आणि दगडाला हळूहळू खातं. दगडातून कॅल्शियम सुटतं, त्याला हा वायू चिकटतो आणि पांढरं खनिज होऊन तिथेच अडकतो. अख्ख्या खडकाला याला युगं लागतात. भुकटीला कमी लागतात. किती कमी, हेच आम्हाला दाखवायचं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि हा प्रयोग चालवणारे आमचे सर. दोन पावसाळे आम्ही एक ढीग ओला ठेवला, उलथत राहिलो, आणि शेजारचा तुलनेसाठी जसाच्या तसा सोडला. पहिल्या वर्षीचा निकाल इतका बारीक होता की हो म्हणवेना, नाही म्हणवेना. पैसा चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीचा; आपल्या धुराची भरपाई त्यांना कुठेतरी दाखवायची होती. त्यांच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं, यंदाचे नमुने माझ्यासमोर काढा, माझ्यासमोर सील करा. त्यात काही दिसलं तर पुढे, नाहीतर बंद. बंद म्हणजे खाणमालक दोन्ही ढीग उचलणार आणि पुनावळ्याकडच्या एखाद्या इमारतीच्या भरावात घालणार.

मी त्या दिवसाची वाट कशी बघत होते ते सांगता येत नाही. जेवण जात नव्हतं. बसमध्ये शेजारचीचं बोलणं ऐकू यायचं नाही.

खाणीवर वॉचमन म्हणून माझे वडीलच होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. लातूरकडून आलेला माणूस, उमेद होती तोवर क्रशरवर राबला, मग गुडघे गेले. साहेब येणार हे मीच त्यांना सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं.

सकाळी सरांच्या गाडीतून खाणीत उतरले आणि पाय तिथेच थांबले. फाटकापासून ढिगांपर्यंत दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रेघा. ढिगांच्या कडा पांढऱ्या. आणि आमच्या उलथलेल्या ढिगाच्या उतारावर हातभर अक्षरांत, फक्कीने लिहिलेलं, सुस्वागतम्.

दादा धुतलेला सदरा घालून उभे. "कसं दिसायलंय?"

"दादा, हे काय केलंत?"

"आगं, मोठा माणूस येणार. समदं काळंकुट्ट दिसायलं होतं. टँकरचं पाणी मारलं आधी, वरून बी शिंपडलं, म्हंजी फक्की उडत न्हाई. दोन्ही ढिगाला मारली. ह्याला मारली आन् त्याला सोडली तर त्यो रुसंल की!" आणि हसले.

फक्की म्हणजे चुनखडीची पूड. आम्ही ढिगात जे शोधत होतो, तेच. लग्नाच्या मांडवापासून शाळेच्या मैदानापर्यंत आपल्याकडे पाहुणा आला की फक्की पडते. त्यांनी तर मन लावून मारली होती. वर पाणी. पाण्याबरोबर ती आत उतरली होती.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेवढ्यात साहेबांची गाडी आलीच.

साहेब मोकळे वाटले. अक्षरं वाचून खूश झाले, दादांना म्हणाले, "वा काका, भारी!" मग पातळ ॲसिडची बाटली त्यांनी माझ्याकडून मागून घेतली. अशा खनिजावर थेंब टाकला की फेस येतो, हे मीच त्यांना मागच्या खेपेला दाखवलं होतं. त्यांनी उतारावर थेंब टाकला. फसफसून वर आलं.

"अरे, हे तर जबरदस्त आहे राव!"

सर माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "आत्ता काही बोलू नकोस. आतला नमुना घेऊ."

"साहेब, ती फक्की आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"चुनखडी. वरून मारलेली. त्याचा फेस आमचा नाही."

मी फावडं घेतलं. वरचा थर खरवडला, आत खणलं, मूठभर डस्ट काढली, थेंब टाकला. पांढरट पाणी तिथवर गेलेलं. अजून आत खणलं. फेस फार बारीक असला की दिसत नाही, कानाशी धरावा लागतो. मी मूठ कानाला लावून ऐकत होते. मागे क्रशर चालू, वर हायवेचे ट्रेलर. काही ऐकू आलं का? आलंही असेल. पण ते दगडाचं होतं की फक्कीचं, हे सांगणारं आता आमच्याकडे काही नव्हतं, कारण तुलनेचा ढीगही तसाच बरबटलेला. तरी मी खणत राहिले. बोटं ॲसिडने चुरचुरायला लागली.

"बस झालं," सर म्हणाले. मी थांबले नाही. मग साहेबच म्हणाले, "मॅडम, राहू द्या."

त्यांनी नमुने सील करू दिले नाहीत. कशाचं सील करणार? "तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य गाडीचं दार उघडता उघडता, "पुढच्या वर्षीचं काही वरचे लोक मंजूर करणार नाहीत आता." सर त्यांच्या मागे बोलत बोलत फाटकापर्यंत गेले.

दादांना सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. त्यांनी घमेलं आणलं, गुडघा वाकत नसताना खाली बसले आणि हाताने फक्की खरवडून भरायला लागले.

"दादा, उठा."

"वरवरची हाय. निघती."

"आत गेली ती. आता वेगळी होत नाही."

"दगडाची कचकच वेगळी आन् फक्की मऊ. हाताला कळतंय की मला."

"हाताला कळून भागत नाही हो दादा."

त्यांनी घमेलं रिकामं केलं आणि पुन्हा भरायला लागले. क्रशरवरची पोरं लांबून बघत होती. खाणमालकाचा लोडर ढीग उचलायला सुस्वागतम् समोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "ताई, काकांना जरा बाजूला घेता का?"

मी दादांच्या काखेत हात घातला. ते उठेनात. मीही खाली बसले.