सात वाजून नऊची गाडी

आमच्या स्टँडवरचे कंट्रोलर कुठल्याच गाडीला उशीर झालाय असं म्हणत नाहीत. कुणीही विचारलं की चष्मा कपाळावर सरकवतात आणि सांगतात, "निघाली हाय तिकडून." कचेरी सुटल्यावर लातूरच्या गाडीची वाट बघत सहा वर्षं मी या वाक्यावर चिडतोय.

परवा संध्याकाळी त्यांनी माईकवरून नेहमीच्याच सुरात पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्या. सात वाजून नऊ मिनिटांनी आभाळातून अंतराळ स्थानक जाणार हाय. रसवंतीच्या वरच्या अंगाला बघा. आपल्या स्टँडला थांबा न्हाई." आणि फलाटावरचे दिवे बंद केले.

बरोबर सात नऊला रसवंतीच्या पत्र्यावरून एक ठिपका वर आला आणि न लुकलुकता डोक्यावरून निघाला. कंट्रोलर बाहेर येऊन मान वर करून उभे होते, शिट्टी तोंडात तशीच.

निलंग्याच्या गाडीसाठी दुपारपासून बसलेल्या म्हातारीनं त्यांना विचारलं, "त्यात माणसं हायत का रं बाबा?"

"हाव माय. महिनोन्‌महिने तिथंच राहतात."

"मंग त्यांला घरी कोन आनतंय?"

मला वाटलं, आता हे शास्त्र सांगत बसणार. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"गाडी निघाली हाय, माय. खालून."

म्हातारीनं मान डोलावली, पिशवी मांडीवर घेतली आणि निवांत बसली. निलंग्याची गाडी अजून आलीच नव्हती. त्या दिवशी मीही माझ्या गाडीचं विचारलं नाही.