वहिनीला न दाखवलेली जागा

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच असेल.

मी पुण्याला राहतो. ऑफिसच्या कामाला दर महिन्याला ठाण्याला यावं लागतं, आणि मुक्काम दिव्याला, थोरल्या भावाकडे. दिवा पाहिलंय तुम्ही? नसेल तर काही बिघडलं नाही. एकीला खेटून दुसरी बिल्डिंग, जिन्यात पाण्याचे ड्रम, उघडी दारं आणि प्रत्येक दारातून वेगळी सिरियल. भावाची एकच खोली, तिच्यातच कोपऱ्यात ओटा. तो, वहिनी, दोन पोरं, आमची आई — आणि वर मी. मला त्या घराची किळस यायची. हो, किळसच. त्यांचं मोठ्याने बोलणं, शेजारणीने न विचारता आत येऊन पलंगावर टेकणं. जेवत होतो त्यांच्याकडेच, आणि नाक मुरडत होतो त्यांनाच.

म्हणून मी शांत जागा शोधायला लागलो. मीटिंग लांबली म्हणून फोन करायचा आणि हिंडायचं. सापडतात हो, शोधल्या की. मानपाड्याला कारखान्यांच्या मागे एक गल्ली आहे, सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. डोंबिवलीत एक जुनं वाचनालय, दुपारचे नुसते पंखे फिरतात. आणि सगळ्यात लाडकी जागा कोपरीची — खाडीच्या अंगाला कोळ्यांचं लहानसं देऊळ, मागे कट्टा, समोर खारफुटी. तिथे एक म्हातारी जाळं सांधत बसायची. एकदा म्हणाली, "एकलाच येतस? घरच्यांना पन आन कवातरी." मी नुसता हसलो. घरच्यांना? इथे?

मग वहिनीची आई गेली. वहिनी गावी जाऊन दिवस उरकून आली आणि दुसऱ्या सकाळपासून पुन्हा डबे भरायला लागली. मी गेलो तेव्हा नेहमीसारखीच वावरत होती, फक्त आवाज बसलेला. संध्याकाळी चहा देताना हळूच म्हणाली, "भावोजी, तुम्ही एवढे फिरता. एखादी शांत जागा माहितीय का? तासभर बसून येईन म्हणते. इथे जरा डोळे पुसले तरी सगळे विचारत बसतात."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही.

आणि मी काय म्हणालो? "अहो वहिनी, इथे कुठली आलीय शांत जागा? माणसाला धड उभं राहता येत नाही." वर हसलोसुद्धा.

का? कारण मला ती त्या कट्ट्यावर दिसली — मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पायात झिजलेल्या चपला. मग ती शेजारणीला सांगणार, मग रविवारी निम्मं दिवा फरसाणाचे पुडे घेऊन माझ्या कट्ट्यावर. माझ्या म्हणे. देऊळ कोळ्यांचं, कट्टा कोळ्यांचा, मी तिथला कोण? फुकट टेकणारा. तिला रडायचंय, हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

ती "बरं" म्हणाली आणि ओट्याकडे वळली. थोड्या वेळाने मिक्सर सुरू झाला. बराच वेळ चालला, थांबला, परत सुरू झाला. आई करवादली, "अगं, किती ते वाटतेस?" भावाने टीव्हीचा आवाज वाढवला. मी पेपरावरून पाहिलं. वहिनीची पाठ आमच्याकडे होती. एक हात मिक्सरच्या झाकणावर, पदर तोंडाशी, आणि खांदे हलत होते. भांडं रिकामंच फिरत होतं.

मी पेपर वर धरला.

रात्री जेवायला वरण, भात, बटाट्याची भाजी होती. चटणी नव्हती. वाटणाचं काहीच नव्हतं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी आणखी भात मागितला आणि तिने वाढला.

दुसऱ्या दिवशी काम लवकर आटपलं. मी कोपरीला जाऊन कट्ट्यावर बसलो. तिथे नेहमीसारखंच शांत होतं, आणि मला बरं वाटलं.