सतरा नंबरचा बिल्ला

शालिनीताई गेल्याचं मला कविताने कळवलं. कविताचं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये ताडपत्रीचं दुकान आहे, आणि तिची मुलगी माझ्या सईबरोबर ताईंच्या पथकात होती. सकाळी साडेनऊला मी कारखान्यात माल उतरवून घेत होते. फोन उचलला तर पलीकडून आधी दुकानातला गोंगाट, मग ती. "सई की मम्मी, अपनी ताई गेली." चहा ठेवायला उठल्या, ओट्याला धरून खाली बसल्या आणि संपलं, असं भाचीने सांगितलं म्हणे. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि टेम्पोतली उरलेली खोकी मोजली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

या लेखात ताईंचे गुण सांगणारे पुष्कळ प्रसंग लिहिता येतील, पण मला एकच लिहायचा आहे, कारण त्यात त्यांच्यावर ठपका आला आणि तो त्यांचा नव्हता. आठ वर्षांपूर्वी बदलापूरच्या पुढे नदीकाठी झालेल्या शिबिरात गणती चुकली, असं आमच्याकडे अजून बोललं जातं. गणती चुकली नव्हती. त्या गणतीत सतरा हा आकडा सईने म्हणायचा होता. तो मी म्हटला.

शालिनीताई फॅक्टरी कॉलनीजवळच्या एका शाळेत पीटी शिकवायच्या आणि मुलींचं पथक चालवायच्या. खाकी स्कर्ट, गळ्यात शिट्टी, खांद्याला दोरी अशी चोवीस मुलींची रांग दर रविवारी मैदानावर दिसायची. उंचीने लहान, आवाज खणखणीत, केस अगदी आखूड कापलेले. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल विचारणाऱ्याला "राहून गेलं, गडबडीत" असं सांगून पुढच्या कामाला लागायच्या. वर्षातून एकदा त्या दोन दिवसांचं कुटुंब शिबिर घ्यायच्या. मुलींबरोबर आईबाप. नियम असा की तंबू मुली उभारणार, चूल मुली पेटवणार, आणि बाबालोकांनी कांदे चिरायचे. माझा नवरा प्रमोद एकदा तंबूची खुंटी ठोकायला गेला तर ताईंनी त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला. "साहेब, तुम्ही घरी ठोका. इथे पाच किलो कांदा आहे." त्यानंतर तो डोळे पुसत तीन तास चिरत होता, आणि पलीकडच्या मुली त्याला "काका, बारीक... बारीक" म्हणून चिडवत होत्या.

त्यांची शिस्त दोन गोष्टींवर उभी होती. एक, चालू गणती. प्रत्येक मुलीला नंबर. ताईंनी दोन लांब शिट्ट्या दिल्या की जिथे असाल तिथून, तंबूतून, चुलीजवळून, झाडावरून, आपापला नंबर ओरडायचा. एकपासून चोवीसपर्यंत, आणि शेवटी ताई स्वतः पंचवीस म्हणणार. दुसरी गोष्ट बिल्ले. लाकडाच्या चकत्या, त्यावर जाळून कोरलेला नंबर. पाण्यात उतरताना मुलीने आपला बिल्ला काठावरच्या दोरीला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढायचा. मैत्रिणीने काढायचा नाही, आईने तर नाहीच. हे आम्हा पालकांना पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मीही मान हलवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा वाजत आले होते. जानेवारी, नदीला पाणी कमी, काठावर गुडघाभर. पुढे वळणापाशी मात्र खडकांमध्ये डोह आहे, दोन पुरुष खोल, तिकडे जायचं नाही असं ज्यांच्या शेतात शिबिर होतं त्या मालकांनी आल्या आल्या बजावलं होतं. मुली पाण्यातून घोळक्याने वर आल्या. कविताने घरून आणलेले पापड भाजायला घेतले होते. मी एका हाताने ताटं मांडत होते, दुसऱ्या हातात फोन, कारखान्यातून कुणीतरी एका गोणीबद्दल विचारत होतं. शिट्ट्या झाल्या. एक, दोन, तीन... सोळा झालं आणि थांबलं. ताई चुलीपाशी होत्या, आमच्यामध्ये तंबूंची ओळ. त्यांनी पुन्हा विचारलं, "सोळानंतर?" मला वाटलं, सई तंबूत कपडे बदलत असेल, डोकं फ्रॉकमध्ये अडकलं असेल, नेहमीचं आहे. फोनवरचा माणूस थांबला होता, भात निवत होता. आणि मी म्हटलं, "सतरा."

लगेच अठरा आलं. चोवीस झालं, ताईंनी पंचवीस म्हटलं, गणती पूर्ण. मी गोणीबद्दल काय ते सांगून फोन ठेवला. न पाहिलेल्या मालावर सही करायची नाही, हे मी स्टोअरमधल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवते.

दहा मिनिटांनी ताई दोरी गुंडाळायला काठावर गेल्या. दोरीला एक बिल्ला होता.

त्या धावत आल्या नाहीत. चालत आल्या, तो बिल्ला हातात न घेता, आणि मुलींना उभं करून अगदी साध्या आवाजात विचारलं, "सतरा कुणी म्हटलं?" मी म्हटलं, सई तंबूत आहे, आणि तंबूकडे पळाले. तंबूत तिचे कोरडे कपडे घडी करून ठेवलेले होते.

पुढची पंधरा मिनिटं मला सलग आठवत नाहीत. प्रमोद चपला काढून पाण्याकडे धावला, त्याच्या मागे आणखी चार-पाच बाप. सगळे सईच्या नावाने ओरडत होते, बायका रडत होत्या, कविताच्या हातात अजून चिमटा होता. ताई पाण्याच्या आणि पुरुषांच्या मध्ये उभ्या राहिल्या. म्हणाल्या, पाण्यात कुणी जाणार नाही, एक शोधायची आहे, दोन नकोत. प्रमोदने त्यांना अक्षरशः बाजूला ढकललं. त्या पडल्या, उठल्या आणि पुन्हा तिथेच उभ्या राहिल्या. मुलींना त्यांनी हातात हात धरून खाली बसायला लावलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आता सगळे गप्प बसा. तुमच्या आवाजात ती मला ऐकू येत नाहीये."

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की काय सांगू. मुलगी बुडाली असेल आणि ही बाई आम्हाला गप्प बसायला सांगते. पण गप्प बसलो. पन्नास माणसं. ताईंनी तीन लांब शिट्ट्या दिल्या आणि हात वर करून थांबल्या. चुलीत लाकूड तडतडत होतं, ते एका मुलीने ओढून मातीत खुपसलं. काही नाही. पुन्हा तीन शिट्ट्या. पुन्हा काही नाही. प्रमोदने तोंडावर हात दाबून धरला होता. तिसऱ्यांदा शिट्ट्या झाल्या... आणि वळणाच्या बाजूने आवाज आला. टक, टक. दगडावर दगड.

हे त्यांनी मुलींना पहिल्या महिन्यात शिकवलेलं असायचं. हरवलात तर फिरायचं नाही, बसायचं. ओरडून घसा घालवायचा नाही. दोन दगड घ्यायचे आणि शिट्टीला उत्तर द्यायचं.

सई वळणाच्या पलीकडे खडकांत बसली होती, कमरेपर्यंत पाण्यात. एक सॅंडल वाहून गेली म्हणून तिच्यामागे गेली आणि दुसरा पाय दोन खडकांच्या फटीत अडकला. डोह तिथून चार हातांवर. ताई खडकावर पालथ्या झोपल्या, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि चाचपडत सॅंडलचं बक्कल सोडवलं. पाय सुटला, सॅंडल तिथेच राहिली. सईचे ओठ निळे पडले होते. ती मला नाही, ताईंना म्हणाली, "मी मघापासून वाजवत होते. पण सगळे ओरडत होते ना, म्हणून मध्ये थांबले."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. गणती पूर्ण कशी झाली, एवढाच प्रश्न होता. एक गृहस्थ म्हणाले, बाईंना आता ऐकायला कमी येत असेल, वय झालंय. कविता उभी राहून म्हणाली, ताई से गलती हो ही नहीं सकती, आणि तिला खाली बसवलं गेलं. मी दुसऱ्या रांगेत होते, मांडीवर पर्स. आता बोलते, आता बोलते असं तीनदा ठरवलं. पण त्या हॉलमध्ये सगळे माझ्याकडे, मुलगी वाचलेली आई, अशा नजरेने बघत होते. ती नजर मला सोडवेना. ताई म्हणाल्या, "गणती माझी होती. मी आकडा ऐकला, मुलगी पाहिली नाही. चूक माझी." त्यानंतर शाळेने त्यांच्याकडून शिबिरं काढून घेतली. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती दोन वर्षं त्यांनी मैदानाबाहेर पाऊल न टाकता पथक चालवलं.

घरी सईने मला एकदाच विचारलं, जेवताना. "आई, सतरा कुणी म्हटलं असेल गं?" मी म्हटलं, जेव.

महिन्याने मी ताईंच्या घरी गेले, बदलापूरला शिरगावात, दुसऱ्या मजल्यावर. दाराच्या आत, चाव्या लावायच्या जागी एक खिळा आणि त्यावर सतरा नंबरचा बिल्ला. सईला त्यांनी नवा करून दिला होता. मी सांगितलं. त्या चहा गाळत होत्या, गाळणी हलली नाही.

"माहीत आहे. मी विचारलं तेव्हा तेवीस मुली एकमेकींकडे बघत होत्या. तुम्ही एकट्या खाली बघत होतात."

"मग सभेत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

मी बिल्ल्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, आपला बिल्ला आपण काढायचा, नियम सगळ्यांना सारखा. अजून सांगता येईल, घाई नाही. मग त्यांनी खारी पुढे केली आणि सईच्या गणिताची चौकशी केली.

हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी मात्र जात राहिले. गॅसचं बुकिंग, डॉक्टरचे रिपोर्ट, बंद पडलेला मिक्सर, अशी कामं मला जमतात. ती करत राहिलं की बाकीचं भागतं, असं मी धरून चालले होते. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी घराला रंग काढला. मी गेले तेव्हा भिंती कोऱ्या होत्या. रंगाऱ्याने सगळे खिळे उपटून भोकं बुजवली होती. फ्रेम, कॅलेंडर, सगळं पलंगावर पडलेलं. एक खिळा मात्र पुन्हा ठोकलेला होता, दाराच्या आत, जुन्याच जागी, आणि त्यावर बिल्ला. मी चहा घेतला, गोळ्यांचा डबा भरून दिला आणि निघाले. तीच शेवटची भेट.

त्या गेल्यानंतरच्या चौथ्या रविवारी शाळेच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा होती. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं होतं. मी ताईंच्या शिस्तीबद्दल अर्धं पान लिहून आणलं होतं. माझ्या आधी त्या जुन्या सभेतले तेच गृहस्थ उठले. मनापासून बोलले, डोळे भरून आले त्यांचे. शेवटी म्हणाले, "वयामुळे पुढे पुढे गणती चुकायची बाईंची, पण माया कधी कमी पडली नाही." लोकांनी माना हलवल्या. कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

मी म्हटलं, "गणती चुकली नव्हती. त्या दिवशी सतरा मी म्हटलं होतं."

पंखे फिरत होते. मग मागून कविताचा आवाज आला, चढलेला नव्हता, दमलेला होता. "आठ साल, दीदी?" एवढंच. सई तिसऱ्या रांगेत बसली होती. आता ती एकोणीस वर्षांची आहे, स्वतः एका पथकात शिकवते. ती उठून बाहेर गेली.

मला वाटलं, निघून गेली. ती गेटपाशी रिक्षा थांबवून उभी होती. "शिरगाव," तिने सांगितलं. संपूर्ण रस्ता ती बाहेर बघत होती. माझ्याकडचं सांगण्यासारखं जे होतं ते सांगून झालं होतं, फार उशिरा.

ताईंच्या भाचीने दार उघडलं. घर आवरायला घेतलेलं दिसत होतं, खोकी भरलेली, शिट्टी आणि दोऱ्या एका पिशवीत. खिळ्यावरचा बिल्ला तेवढा तिने काढला नव्हता. आत्याने सांगून ठेवलं होतं म्हणे, त्याला कुणी हात लावायचा नाही, ज्याचा आहे तो येईल. मी सईकडे पाहिलं. नंबर तिचा होता.

"माझ्याकडे काय बघतेस," ती म्हणाली. "काढ."

लाकूड गुळगुळीत झालेलं होतं, कडेला नव्या रंगाचा एक थेंब. काढून मी तो हातात धरला आणि तिथेच उभी राहिले. सईने पिशवीतून शिट्टी काढली. त्या लहानशा खोलीत तिने दोन लांब शिट्ट्या दिल्या, भाची दचकली. मग सईने सतरा म्हटलं, स्वतःचं स्वतः.