दानिएलने चौकी सोडली

एकोणीसशे चौतीसच्या हिवाळ्यात माझी नेमणूक देवळालीला होती. मी फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे टेलिफोन-तारांच्या खात्यात, नाईक होतो, गाव सिन्नर. तोफखान्याची फायरिंग असली की रेंजच्या कडेला लाल झेंड्यांच्या चौक्या बसत. प्रत्येक चौकीवर दोन माणसं आणि एक फील्ड टेलिफोन. काम एकच. माणूस किंवा जनावर आत शिरू द्यायचं नाही, आणि शिरलंच तर फोनवरून ओपीला, म्हणजे तोफांना मारा सांगणाऱ्या निरीक्षण चौकीला, कळवून फायर थांबवायची. चौकी मात्र सोडायची नाही.

माझ्या हाताखाली लान्स नाईक दानिएल गायकवाड होता. नाशिकचा, ख्रिस्ती. रोज पहाटे तो गुडघे टेकून प्रार्थना करी. मी एकदा विचारलं, "काय मागतोस रे एवढं?"

"मागत नाही. हुकूम आठवतो. दोनच आहेत. देवावर प्रेम कर, शेजाऱ्यावर कर."

"आणि दोन्ही एकमेकांच्या आड आले तर?"

"अजून आले नाहीत," तो म्हणाला.

फायरिंगच्या आदल्या दिवशी आम्ही टेलिफोनची लाइन टाकून आलो. दानिएलने जवळच्या झोपडीत पाणी मागितलं. म्हातारा किसन तांब्या घेऊन आला आणि थबकला. "कोन तुमी?"

"ख्रिस्ती."

"त्याच्या आदी कोन?"

दानिएलने ओंजळ पुढे केली. किसनने हातभर उंचावरून पाणी ओतलं. दानिएल ओंजळीने प्यायला आणि "बरं वाटलं, बाबा" म्हणाला. मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला फायर सुरू झाली. दहा वाजून दहा मिनिटांनी दानिएलने दुर्बीण खाली घेतली.

"नाईक, आत माणूस आहे. कालचा म्हातारा. बैलामागे चाललाय."

रात्री बैल सुटला होता आणि म्हातारा नाल्यातून, आमच्या नजरेआड, आत गेला होता. मी फोनचं हँडल फिरवलं.

"हॅलो, ओपी. चौकी तीन. स्टॉप फायरिंग! हॅलो!"

लाइन मेली होती. दानिएल झेंडा हलवत राहिला, पण मधे धुरळा होता. ओपीला काही दिसत नव्हतं.

"वायर तुटलीय. मी जोडतो," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"पुढचा राउंड त्याआधी पडेल." त्याने रायफल मातीच्या पोत्यांवर ठेवली आणि पट्टा सोडला.

"दानिएल, चौकी सोडायची नाही. हा हुकूम आहे."

"हो, नाईक."

आणि तो पळाला.

मी फोन काढून खांद्याला अडकवला आणि वायर मुठीत धरून उलट दिशेने धावलो. चारशे पावलांवर तुटकं टोक हाताला लागलं. दुसरं सापडेना. गवतात रांगत शोधलं, तोवर एक राउंड गेला. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही. दाताने रबर सोललं, तारा पिळल्या, खांद्यावरचा फोन जोडला.

"ओपी! स्टॉप! आत आपला माणूस आहे!"

"कोण बोलतंय?"

"चौकी तीन! स्टॉप!"

तोफा थांबल्या. दहा एकोणीस झाले होते.

नाल्याच्या काठावर दोघे सापडले. दानिएलने म्हाताऱ्याला नाल्यात ढकललं होतं. स्वतः उतरायला वेळ मिळाला नाही. गोळ्याचा तुकडा त्याच्या बरगडीत घुसला होता. किसन त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "काय बोलत नाय हो हा. मगाशी म्हनला, बाबा, खाली बसा. मंग काय बोललाच नाय."

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "तू त्याला थांबायचा हुकूम दिला होतास?"

"येस सर."

"त्याने ऐकला?"

"नो सर."

हुकूम मोडून चौकी सोडल्याचा शेरा त्याच्या कागदावर पडला. माझा जबाब खरा होता. त्यानंतर कित्येक दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मातीच्या दिवशी किसन सात कोस चालत नाशिकला आला. दफनभूमीच्या फाटकाबाहेरच उभा राहिला. दानिएलची आई विधवा होती. मी तिला सांगितलं, हाच तो. ती बाहेर गेली. म्हातारा तिच्या पायांशी वाकला. "माज्यापायी गेलं गं तुजं लेकरू."

तिने त्याला धरून उठवलं. मग म्हणाली, "आत चला, दादा. त्याला माती द्या."

किसनने माती लोटली. मग मी लोटली. दानिएल तेवीस वर्षांचा होता.