आमच्या घरातले पिवळे डोळे

“अक्का, ही साधी कावीळ नाही. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. घाबरायचं काही नाही,” हुबळीचे डॉक्टर म्हणाले. मी आधी शेजारी बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाशी घट्ट धरला होता.

का, ते सांगते. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णांची बायको. अण्णा यकृताच्या कॅन्सरनं गेले. शेवटी डोळे हळदीसारखे झाले होते. पण तसे ते तरुणपणीही अधूनमधून पिवळट दिसायचे. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. वहिनींनी मात्र मागाहून तेच धरून ठेवलं. तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर माणूस राहिला असता, असं त्यांना वाटायचं.

आणि आता माझे डोळे तसे झाले. नवरात्राचे उपास चालले होते. धाकटी जाऊ म्हणाली, “अक्का, देवीची हळद डोळ्यांत घातली काय?” हसली आणि एकदम गप्प झाली. अण्णा आठवले असणार. लगेच पथ्य सुरू झालं. तेल बंद, हळद बंद, नुसती पेज. खाणं कमी झालं तसे डोळे आणखीच पिवळे! अण्णांचंच दुखणं आलं, अशी माझी खात्री झाली.

वहिनी मला घेऊन धारवाडहून हुबळीच्या बसमध्ये बसल्या. रायापूर मागं पडलं तेव्हा म्हणाल्या, “वन्सं, तुमच्या वेळी मी उशीर करणार नाही.”

लिव्हर फंक्शन टेस्ट झाली, म्हणजे यकृताचं काम रक्तावरून बघतात ती. सोनोग्राफी झाली. अण्णांचं दुखणंही डॉक्टरांना सांगून झालं. बाकावर बसून बसून कंबर धरली. रिपोर्ट चांगले आले.

डॉक्टरांनी समजावलं, “रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यातून बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ होतो. यकृत तो बाहेर टाकतं. तुमचं यकृत त्या कामात जन्मापासून जरा सावकाश. उपाशी राहिलात की पिवळेपणा वाढतो. तेव्हा जेवा.”

मग म्हणाले, “उलट हा पदार्थ शरीराला राखतही असेल. डीएनए म्हणजे पेशीनं कसं वागायचं ते ज्यात साठवलेलं असतं, तो धागा. शरीरातच तयार होणारे काही घातक कण त्याला इजा करतात, त्यातून कधी कॅन्सरही होतो. बिलिरुबिन त्यांना आधीच गाठत असावं, असं संशोधकांना वाटतं. अजून पक्कं नाही हं.”

वहिनींनी पदर सोडला. “मग यांना का नाही राखलं?”

“राखण असली तरी दर वेळी पुरी पडतेच असं नाही, अम्मा.”

“तरुणपणी डोळे पिवळे व्हायचे. तेव्हाच आणलं असतं तर?”

डॉक्टर म्हणाले, “न तपासता शपथेवर कसं सांगू? पण हे घराण्यात चालतं. बहुतेक तेही हेच. यातून कॅन्सर होत नाही. तेव्हा आणलं असतंत, तरी मी त्यांना ‘जेवा’ म्हणून घरीच पाठवलं असतं.”

बायांनो, डोळे पिवळे दिसले तर आधी रक्त तपासा. सगळेच पिवळे डोळे निरुपद्रवी नसतात, हे आमच्या घरानं पाहिलंय. पण तपासायच्या आधी उपाशी राहू नका, आणि मनानंच निकाल लावू नका. त्या डॉक्टरांचे उपकार मी माझ्यापेक्षा वहिनींसाठी जास्त मानते.

एवढी वर्षं त्या रडायच्या ते स्वतःला दोष देत. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून नुसत्या अण्णांसाठी रडल्या.