पहिल्या सोमवारचा बंद

लष्करी रुग्णालयाच्या संगणक विभागाचे ते प्रमुख होते, पण सगळे त्यांना म्हणत बंदसाहेब. तोंडावर नव्हे, अर्थात! दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे गृहस्थ एका वॉर्डातले संगणक स्वतःच्या हातानं तासभर बंद करायचे आणि म्हणायचे, "चला, आता कागद-पेन घ्या." परिचारिका बोटं मोडायच्या, डॉक्टर नावानं खडे फोडायचे. साहेब दाराशी उभे राहून औषधं वेळेवर जातात का, तेवढं बघायचे.

गंमत अशी, की त्यांना गुण मिळत ते संगणक किती काळ अखंड चालले, यावरच. वरिष्ठांनी समजावलं, "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता? बंद सोडा, बढती तुमचीच."

"लढाईत आधी वीज जाते, सर," हे म्हणाले. "जखमी माणूस ती यायची वाट बघत नाही."

बढती दुसऱ्याला मिळाली. बायकोनं समारंभासाठी कडक इस्त्री केलेला त्यांचा गणवेश मुकाट्यानं परत कपाटात टांगला. तिचं ते न बोलणं त्यांना कायम सलत राहिलं.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी छातीत दुखलं म्हणून ते त्याच रुग्णालयात दाखल झाले. तोच फिनेलचा वास, तीच कुरकुरणारी औषधांची ट्रॉली. जुने दिवस आठवून जीव हळवा झाला. आपल्यामागे बंदही गेला असणार, अशी त्यांची खात्रीच होती. मग उगाच का बायकोचं मन मोडलं? विचारायचा मात्र धीर होईना.

एका सकाळी परिचारिकेच्या टेबलावरचा संगणकाचा पडदा काळा झाला. तिनं शांतपणे खणातून कागद काढला, त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचली आणि गोळी दिली.

"घाबरू नका आजोबा, पहिला सोमवार आहे आज. बंद असतो आमचा."

"कुणी सुरू केला गं?"

"कुणास ठाऊक! पहिल्यापासूनच आहे. आमच्या संगणक विभागाच्या साहेबांचे गुण जातात यात, बढती हुकली त्यांची. पण ऐकतील तर शपथ!"

शेजारी बसलेली बायको काही सांगायला गेली, तसा त्यांनी तिचा हात दाबला. परिचारिका पुढच्या खाटेकडे वळल्यावर ती हळूच म्हणाली,

"म्हणजे त्या साहेबांच्या बायकोनंही बिचारीनं गणवेश परत कपाटात टांगला असेल, नाही का?"

आणि इतक्या वर्षांनी ती त्या गोष्टीवर खुदकन हसली. बंदसाहेबांचे डोळे भरून आले.